खेळ आणि बळ

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या गावच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. गावाचे नाव त्या वेळी औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पासष्ट कोटी रुपयांचा तो व्यवहार पुष्कळ दिवस देशभर चर्चेत होता. मराठवाड्याला मागासलेला म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे, असे म्हणून कोणी त्याची वाखाणणी केली. ज्या मुलखात उन्हाळा आला की पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते तेथे हा थाट शोभतो काय, असे म्हणून कोणी नाके मुरडली. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. परंतु मोटार घ्यावी की घेऊ नये एवढ्यावरच तो वाद थांबला. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि ज्याला वेगाची हौस आहे त्याने कोणत्या जातीची मोटार निवडावी, हा पुढचा प्रश्न तसाच राहिला. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कसला आला? लुगडे निळे घ्यावे की हिरवे, याची चर्चा कोणी नीतिशास्त्रात करीत नाही. शिवाय हे लिहिणारा मी कोण? शाळेतला मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. माझ्या दाराशी एक जुनी स्कूटर उभी असते. हा आक्षेप मला मान्य नाही. मोटारीबद्दल बोलण्याचा अधिकार केवळ तिच्या आत बसणाऱ्याला असतो, असे मी समजत नाही. कोणत्याही रस्त्यावर मोटारीच्या बाहेर असलेली माणसे आत बसलेल्यांपेक्षा अधिक असतात, आणि मोटारीचा वेग, वजन, आवाज व धूर यांचा अनुभव त्यांनाच जवळून येतो. लुगड्याचा रंग शेजाऱ्याला फार तर डोळ्यांत खुपेल. मोटारीचे तसे नाही. जी निवड दुसऱ्याच्या हाडांपर्यंत पोचू शकते, ती नीतीच्या कक्षेबाहेर कशी राहील?

तेव्हा प्रथम या दोन जाती कोणत्या ते पाहू. मोटारीचे शौकीन एकीला स्पोर्ट्‌स कार म्हणतात आणि दुसरीला मसल कार. स्पोर्ट्‌स कार अंगाने हलकी, इंजिनाने बेताची आणि जमिनीला लगटून बसलेली असते. तीत बहुधा दोघांपुरतीच जागा असते. तिची सारी करामत वळणावर दिसते. स्टिअरिंग अंगुळभर फिरवले तरी ती ओळखते, ब्रेकवर पाय पडताच ती थबकते, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा चालवणाऱ्याच्या पाठीला सांगते. मसल कारची रीत निराळी. घरगुती वापराच्या नेहमीच्या मोटारीत आठ सिलिंडरांचे दणकट इंजिन बसवायचे आणि तिला सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. सिग्नलवरून सुटताना तिची बरोबरी करणारे थोडे असतात. वळण आले की मात्र तिला आपले वजन आठवते.

नावांवरूनही दोघींचे स्वभाव कळतात. एकीच्या नावात ‘खेळ’ आहे, दुसरीच्या नावात ‘स्नायू’. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळच्या एका लहानशा कारखान्याने रोडस्टर तयार केली, तिच्या घराण्याला चिंकारा हे हरणाचे नाव दिले. फायबरग्लासचे अंग, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन, आणि रूप इंग्लंडच्या जुन्या लोटस सेव्हनच्या वळणाचे. शेजारी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची चिमुकली मोटार निघाली होती. दोन्ही फारशा खपल्या नाहीत, परंतु जातीने त्या अस्सल होत्या. पलीकडे अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६४ साली जी मोटार बाजारात आणली तिचे नाव मस्टँग. मस्टँग म्हणजे मोकाट घोडा. हरीण आणि घोडा दोन्ही धावतात, पण हरणाच्या पळण्यात वळणे असतात आणि मोकाट घोडा समोर पाहून उधळतो.

मसल कारची खरी जन्मकथा त्याच १९६४ सालची आहे आणि ती मोठी बोधप्रद आहे. पाँटियाक ही जनरल मोटर्सची एक शाखा. मध्यम आकाराच्या मोटारीत अमुक मापापेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा वरिष्ठांचा दंडक होता. पाँटियाकच्या लोकांनी एक पळवाट काढली. मोठे इंजिन मोटारीचा भाग म्हणून न देता, गिऱ्हाइकाने मागितल्यास वरचे तीनशेएक डॉलर घेऊन जोडून द्यायची वस्तू म्हणून त्यांनी ते कागदावर दाखवले. त्या मोटारीचे नाव जीटीओ. इंजिन ६.४ लिटरचे, ताकद सव्वातीनशे अश्वशक्तीची, वजन दीड टनाच्या वर. आणि नावसुद्धा उसने! फेरारीने १९६२ साली शर्यतीसाठी काढलेली, चाळिशीच्या आत संख्या राहिलेली जी महामोलाची मोटार होती, तिची ही तीन अक्षरे. त्याच १९६२ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने लोटस एलान काढली. तिचे इंजिन दीड-पावणेदोन लिटरच्या दरम्यानचे आणि वजन सातशे किलोंच्या आत. मोटार वेगवान करायची तर तिच्यात काय घालावे याआधी तिच्यातून काय काढता येईल ते पाहावे, हा चॅपमनचा बाणा. एकाने बेरीज केली, दुसऱ्याने वजाबाकी.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की हा लेखक वजाबाकीच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होणार. साधेपणा, हलकेपणा, संयम हे गुण आपल्या संस्कृतीत पूज्य. दणकटपणा, आवाज, दिखावा हे अवगुण. शाळेतल्या निबंधाला एवढे पुरते. परंतु माणसाचा इतिहास शाळेच्या निबंधाएवढा सरळ नसतो, आणि मसल कारच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे ते बोलल्यावाचून निकाल देणे हा अन्याय होईल.

जीटीओ कोणासाठी निघाली? लोटस, फेरारी, पोर्शे ही श्रीमंतांच्या किंवा निदान एकट्या सुखवस्तू पुरुषांच्या घरची लेणी होती. गिरणीत, कारखान्यात, पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या पोराला ती दुरूनच पाहावी लागत. पाँटियाकने आणि तिच्या मागोमाग इतरांनी त्या पोराला म्हटले, ही घे, तुझ्या बापाच्या मोटारीसारखीच दिसते, मागे भावंडे बसतील, सामानाला जागा आहे, आणि पायाखाली सव्वातीनशे घोडे आहेत. १९६४ ची मस्टँग दोन हजार चारशे डॉलरांच्या आत मिळे. १९६८ साली प्लिमथ कंपनीने रोड रनर काढली, तीत चैनीच्या साऱ्या वस्तू काढून टाकून फक्त इंजिन मोठे ठेवले होते, आणि किंमत तीन हजारांच्या आसपास. मसल कार ही वेगाची लोकशाही होती. ज्यांना जन्मभर हळू चालण्याचा हुकूम होता त्यांच्या हाती तिने वेग दिला. १९७० नंतर धुरावरचे कडक कायदे आले, विम्याचे दर चढले, १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि तो जमाना आटोपला. पण त्या आठदहा वर्षांत तिकडच्या सामान्य माणसाने जी मान उंच केली ती खोटी नव्हती.

(आपल्याकडे येताना या गोष्टीचा कसा विपर्यास झाला पाहा. फोर्डने २०१६ साली मस्टँग हिंदुस्थानात अधिकृतपणे विकायला काढली तेव्हा तिची किंमत पासष्ट लाखांच्या घरात होती. जी तिकडे कामगाराच्या मुलाची, ती इकडे कारखानदाराच्या मुलाची झाली. वस्तू समुद्र ओलांडते तेव्हा तिची नीतीही बदलते.)

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. ज्या राज्यात मसल कार जन्मली तेच हे राज्य. त्याचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे कामाला होते, आणि घर ते कारखाना हा रस्ता त्यांनी बहुतेक सायकलीवरून कापला. तीन वर्षांपूर्वी या मुलापाशी थोडा पैसा साठला आणि त्याला मनाजोगती मोटार घ्यायची होती. एकीकडे माझ्‌दाची एमएक्स-५ ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्‌स कार. १९८९ पासून निघणाऱ्या या मोटारीची दहा लाखावी प्रत २०१६ साली तयार झाली, म्हणजे गरीब घरच्या शौकिनालाही आता ही जात अप्राप्य राहिलेली नाही. दुसरीकडे मस्टँग. किमतीत फार अंतर नव्हते. त्याने मला विचारले. मोटारीतले मला काय कळते म्हणून नव्हे. लहानपणी निबंधाचा विषय निवडताना विचारी, त्याच सवयीने.

मी त्याला त्याचे मन विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, मन मस्टँगकडे जातं. आमच्या घरात तीन पिढ्या कोणी मोठ्यानं बोललं नाही. बाबा सायकलवर असताना मागून साहेबाची गाडी आली की ते हॉर्न वाजायच्या आधीच सायकल रस्त्याच्या खाली, मुरमात उतरवायचे. मी कॅरिअरवर बसलेला असायचो. एकदा तरी असं काहीतरी आपल्या हातात असावं वाटतं, की ज्याला कुणी खाली उतरवू शकणार नाही.”

या बोलण्याला तुच्छ लेखण्याची ज्याची छाती असेल त्याने लेखावे, माझी नाही. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण फार वेळा पिळणाऱ्याच्या बाजूने किंवा पिळणाऱ्याच्या निषेधासाठी वापरतो. ज्याचा कान तीन पिढ्या पिळला गेला त्याला बळाची ओढ लागावी, यात नवल ते काय? दुबळ्याला संयमाचा उपदेश करणे सोपे असते, कारण त्याच्यापाशी आवरण्याजोगे काही नसतेच. आधी बळ, मग संयम, असा क्रम कोणी धरला तर तो चूक म्हणता येणार नाही.

तरीसुद्धा मी त्याला शाळेतले एक गणित घालून दाखवले. समज, नऊशे किलोंची एक मोटार आणि अठराशे किलोंची दुसरी, दोन्ही ताशी साठ किलोमीटर वेगाने समोरासमोर येऊन आदळल्या आणि एकमेकींत रुतल्या. संवेगाचा नियम सांगतो की त्या क्षणानंतर दोन्ही मिळून जड मोटारीच्या दिशेनेच ताशी वीस किलोमीटरने सरकतील. म्हणजे जड मोटारीतल्या माणसाचा वेग साठावरून विसावर आला: चाळिसाचा हिसका. हलक्या मोटारीतला माणूस साठाने पुढे जात होता, तो विसाने मागे फेकला गेला: ऐंशीचा हिसका. चूक कोणाचीही असो, वजनाने न्याय करून टाकला. दुप्पट वजनाच्या माणसाला निम्मी शिक्षा, निम्म्या वजनाच्या माणसाला दुप्पट.

या गणितात माझ्या मते सारा प्रश्न आला आहे. जड मोटार आपल्या मालकाला सुरक्षित ठेवते हे खरे, परंतु ती सुरक्षितता हवेतून येत नाही. समोरच्याच्या वाट्याची थोडी काढून घेऊन ती मिळते. सायकलवाल्याला मात्र नऊशे काय आणि अठराशे काय, दोन्ही सारखीच. त्याच्या जिवाशी गाठ आहे ती वेगाची आणि चालवणाऱ्याच्या लक्षाची. पण तेथेही दोन जातींत अंतर पडते. हलक्या, ठेंगण्या मोटारीत बसलेल्याला ठाऊक असते की आपण आदळलो तर आपलीही धडगत नाही. तो दुसऱ्याला जेवढ्या धोक्यात घालतो त्यातला मोठा हिस्सा स्वतःच्या अंगावर घेऊन बसलेला असतो. भरभक्कम मोटारीतल्या माणसाला आपल्या अंगाला काही लागणार नाही असा भरवसा असतो, आणि भरवसा माणसाला बेपर्वा करतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष कमी, बैठकीचा अधिक.

‘खेळ’ या शब्दाकडे आता नीट पाहावे. हुतूतू घ्या, कुस्ती घ्या. खेळात ताकद लागतेच, पण खेळाची पहिली अट अशी की धोका दोन्ही बाजूंना सारखा असला पाहिजे. चढाई करणाऱ्या गड्याला आपण पकडले जाऊ ही भीती असते म्हणूनच त्याच्या चढाईत शोभा असते. कुस्तीत वजनाचे गट पाडतात ते याच न्यायाने. ज्या सामन्यात एकालाच मार लागायचा असतो त्याला आपण खेळ म्हणत नाही. त्याला मराठीत दांडगाई असा स्वच्छ शब्द आहे. तेव्हा खरी स्पोर्ट्‌स कार कोणती, हे इंजिनाच्या मापावरून किंवा छप्पर उघडते की नाही यावरून ठरवण्यापेक्षा, चालवणारा आपल्या मौजेची किंमत स्वतः कितपत मोजतो यावरून ठरवावे, असे मला वाटते.

आमच्या गावाच्या मातीत हा वाद फार जुना आहे. १६१० साली खडकी या नावाने हे गाव ज्याने वसवले तो मलिक अंबर हलक्या घोड्यांवर विश्वासणारा सेनापती. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजेशी गाठ घातली, तेव्हा तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या तळाभोवती चिखल केला. जडपणा जेथे शाप ठरेल अशी जमीनच त्याने तयार केली. पुढे १६५३ मध्ये याच गावाला आपले नाव देणारा औरंगजेब बादशहा होऊन १६८२ साली येथे परतला, तो एक चालते शहर बरोबर घेऊन. तोफा, हत्ती, बाजारबुणगे, कचेऱ्या यांचा तो पसारा पंचवीस वर्षे दक्षिणेत फिरत राहिला आणि मराठ्यांची हलकी घोडदळे त्याच्या भोवती घिरट्या घालीत राहिली. १७०७ मध्ये बादशहा गेला, तेव्हाही ती लढाई संपली नव्हती.

परंतु हलकेपणाच नेहमी जिंकतो असेही इतिहास म्हणत नाही, आणि सोयीची तेवढीच उदाहरणे घेणे मास्तराला शोभत नाही. १७६० साली मराठवाड्यातच, उदगीरला, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर. त्या दिवशी वजन जिंकले. मग तेच वजन, त्यात बाजारबुणग्यांची आणि यात्रेकरूंची भर पडून, वर्षभरात पानिपताला पोचले. तेथे काय झाले ते सांगायला नको. बळ एका मैदानावर उपयोगी पडले म्हणून ते सर्व मैदानांवर घेऊन जाण्याचा मोह होतो, आणि मसल कारचा दोष असलाच तर तो हाच: सरळ रस्ता कायमचा सरळ राहील असे ती धरून चालते.

आज आमच्या जिल्ह्यात हे दोन्ही रस्ते जवळजवळ आहेत. शहराला लागून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा उघडला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा. रुंद, काँक्रीटचा, मैलोन्‌मैल सरळ. मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा. याच शहरातून धुळ्याकडे निघाले तर कन्नड सोडल्यावर औट्रम घाट लागतो. अरुंद, एकीकडे कडा, दुसरीकडे दरी, वळणामागे वळण, आणि कोणत्या वळणाआड काय उभे असेल याचा नेम नाही. मसल कारचे स्वप्न समृद्धीवर पुरे होईल, स्पोर्ट्‌स कारचे औट्रम घाटात.

यांतला कोणता रस्ता अधिक धोक्याचा, असे विचारले तर सगळे घाटाकडे बोट दाखवतील. परंतु घाट चालवणाऱ्याला सावध ठेवतो. प्रत्येक वळणाला तो विचारतो, तू जागा आहेस ना? सरळ रस्ता काहीच विचारीत नाही. ताशी १२० वेगाला मोटार एका सेकंदात तेहेतीस मीटर जाते. डोळा लागायला सेकंदही पुरतो. १ जुलै २०२३ रोजी पहाटे याच समृद्धी मार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. रस्ता निर्दोष केला म्हणजे प्रवास निर्दोष होतो, ही समजूत किती भोळी आहे ते आपण फार मोठी किंमत देऊन शिकत आहोत. ज्या सामर्थ्याला कोणी प्रश्न विचारीत नाही ते पेंगू लागते, हा नियम रस्त्याला जसा लागू आहे तसा घरातल्या कर्त्या पुरुषाला, शाळेतल्या मास्तराला आणि राज्यकर्त्यालाही लागू आहे.

स्पोर्ट्‌स कारलाही तिचा दोष आहे आणि तो झाकून चालणार नाही. दोन आसनांची मोटार ही मुळात एकलकोंडी. तिच्यात म्हातारी आई बसू शकत नाही, आजारी शेजाऱ्याला घाटीच्या दवाखान्यात नेता येत नाही, दिवाळीला भाचरांना घेऊन गावी जाता येत नाही. तिच्या शौकिनांत एक प्रकारचे सोवळे असते. आपणच खरे रसिक, बाकीचे सगळे घोड्यांची संख्या मोजणारे अडाणी, असा त्यांचा तोरा. संयमाचाही गर्व होतो, आणि तो बळाच्या गर्वापेक्षा ओळखायला कठीण.

तरी आपल्या गल्लीत पाहिले तर आपले आजचे दुखणे एकलकोंडेपणाचे नाही. आपल्याकडे अमेरिकन मसल कार विरळा. तिची जागा उंच, रुंद, काळ्या काचांच्या मोटारींनी घेतली आहे. नाशिकला तयार होणारी थार ही डोंगरवाटांसाठी जन्मलेली गाडी, पण तिचे पुष्कळसे आयुष्य क्रांती चौकात आणि जालना रोडवर जाते. वाहन कामासाठी मोठे असले तर त्याला कोणी नावे ठेवणार नाही. लाल कंधारी आणि देवणी बैल नांगराला, गाड्याला जुंपणारा आपला शेतकरी शंकरपटासाठी खिल्लार शोधतो. एकाला दुसऱ्याच्या कामाला लावीत नाही, आणि पटाच्या बैलाला बाजाराच्या गर्दीत उधळवीत नाही. शहाणपण एवढेच होते: जनावर कामाप्रमाणे निवडायचे आणि मोकळे सोडायचे ते मोकळ्या रानात. आपण मोटार निवडतो ती कामाप्रमाणे नव्हे, दबकणाऱ्या माणसांच्या संख्येप्रमाणे. बुलेटचा मूळचा भरदार ठोका पुरेना म्हणून तिचा सायलेन्सर बदलून रात्री अकरा वाजता फटाके फोडीत जाणारा पोरगा वेगही मागत नसतो. त्याला फक्त एवढे हवे असते की झोपलेल्या गल्लीने क्षणभर तरी आपल्याकडे पाहावे. ज्याच्याकडे कोणी सरळपणे पाहिले नाही तो असे पाहायला लावतो. त्याला दंड जरूर करावा. पण दंडाने ती भूक जाणार नाही, हेही समजून असावे.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी मस्टँगच घेतली. त्याचे कारण गणितातले नव्हते. “सर, दोन सीटच्या गाडीत आई-बाबा दोघं बसत नाहीत,” एवढेच तो म्हणाला. आईवडील सहा महिन्यांसाठी तिकडे गेले तेव्हा बाबा पुढे बसले, आई मागे अवघडून बसली. या कारणापुढे चॅपमनचे तत्त्वज्ञान मला फिके वाटते. मी त्याला निवडीबद्दल काही बोललो नाही. एकच सांगितले की, तुझ्या पुढे एखादा सायकलवाला दिसला, तर तो रस्त्याच्या खाली उतरण्याआधी तुझा पाय उचललेला असू दे. ज्या साहेबाच्या गाडीने तुझ्या बाबांना मुरमात उतरवले तिच्यात आणि तुझ्या गाडीत जो काय फरक असेल तो कारखान्याने करून दिलेला नाही. तो तुला रोज करावा लागेल.

तेव्हा या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. एकटा असशील, तरुण असशील आणि मौजेसाठीच मोटार घेत असशील, तर हलकी घे. कारण तिच्यात तुझा जीव दुसऱ्याच्या जिवाइतकाच उघडा असतो आणि ती तुला झोपू देत नाही. घरदार बरोबर न्यायचे असेल तर दणकट घे, पण मग तुझ्यावर अधिक बंधन आहे हे ओळख. हलक्या मोटारीला तिचे हलकेपणच शिकवते. दणकट मोटारीला शिकवणारे कोणी नसते, तिच्या मालकालाच तिचा घाट व्हावे लागते. सरळ रस्त्यावर कोणी विचारीत नसताना, तू जागा आहेस ना, हे ज्याला स्वतःला विचारता येते, त्याच्या हाती सव्वातीनशे घोडे दिले तरी रस्त्याच्या कडेने सायकलीवर घरी परतणाऱ्याला भिण्याचे कारण नाही.